परदेशी जाताय किंवा परत येताय? आधी तारीख बघा, मग तिकीट काढा

सप्टेंबर उजाडला की पार्ल्यातल्या माझ्या ऑफिसात एक फोन हमखास येतो. ‘नोकरी लागली, व्हिसा आला, सणवार आटोपले की निघतोय. तिकडे कर कापतीलच, मग इथलं काही करावं लागतं का?’ मी उत्तर देण्याआधी विचारते, विमान कोणत्या तारखेचं आहे?

काही वर्षांपूर्वी डोंबिवलीच्या एका मुलाला दुबईत नोकरी लागली. तिकीट २७ सप्टेंबरचं होतं. दसरा आईवडिलांबरोबर करावा म्हणून त्यानं ते ५ ऑक्टोबरवर नेलं. त्या आठ दिवसांमुळे तो अख्ख्या आर्थिक वर्षासाठी भारताचा रहिवासी ठरला आणि दुबईतल्या जवळजवळ सहा महिन्यांच्या पगारावर त्याला इथे कर भरावा लागला. दुबईत पगारावर आयकर नाही, त्यामुळे ‘तिकडे भरला आहे’ म्हणून वजावट मागायलाही काही नव्हतं. तो माझ्याकडे आला तेव्हा मार्च संपला होता आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. म्हणून हा लेख तिकीट काढण्याआधी वाचावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पहिली पायरी: दिवस मोजा

भारतात कर कोणाला लागतो हे नागरिकत्वावर ठरत नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुम्ही भारतात किती दिवस होतात, यावर ठरतं. रहिवासी असाल तर जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं. अनिवासी असाल तर फक्त भारतात मिळालेलं किंवा भारतात उपजलेलं उत्पन्न दाखवायचं.

मूळ नियम दोन आहेत. वर्षात १८२ किंवा जास्त दिवस भारतात असलात तर तुम्ही रहिवासी. तितके नसलात, पण ६० दिवस होतात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस होतात, तरीही रहिवासी. मुंबईत वाढलेल्या माणसाचे आधीचे ३६५ दिवस भरलेलेच असतात, म्हणजे दुसऱ्या नियमात तो सहज अडकला असता. म्हणून कायद्यानं नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला सवलत दिली आहे: निघण्याच्या वर्षी त्याच्यासाठी ६० ऐवजी १८२ दिवस धरायचे.

आता बोटं मोजा. एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१. झाले १५३. सप्टेंबरचे २८ धरले की १८१. म्हणजे निघण्याचा दिवस धरूनही २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसलात, तर त्या वर्षी तुम्ही अनिवासी. २९ तारखेला निघालात तर १८२ भरले. मध्यरात्रीनंतरच्या विमानांचं विशेष सांभाळा. मुंबईहून बरीच लांब पल्ल्याची विमानं रात्री एक-दोन वाजता सुटतात. तुमच्या डोक्यात २८ची रात्र असते आणि इमिग्रेशनच्या नोंदीत २९ तारीख पडते.

उलटंही होऊ शकतं. अमेरिकेला, इंग्लंडला किंवा जर्मनीला जाणाऱ्याचा तिकडचा कर बहुतेकदा इथल्याइतका किंवा जास्त असतो. त्याला इथे रहिवासी राहूनही तिकडे भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं आणि हातातून फारसं जात नाही. मात्र कागदपत्रं दुप्पट होतात. आखाती देशांत जाणाऱ्याला मात्र ही तारीख पाळावीच लागते.

एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते: ही सवलत ‘नोकरीसाठी’ जाणाऱ्याला आहे. नवऱ्याबरोबर जाणारी बायको, बायकोबरोबर जाणारा नवरा, शिकायला जाणारी मुलगी यांना ती आपोआप लागू होत नाही. ऑगस्टमध्ये एमएस करायला निघालेली मुलगी एप्रिलपासून सव्वाचार महिने इथेच होती, म्हणजे ६० दिवस कधीच ओलांडले. त्या वर्षी ती रहिवासीच. तिची ठेव असेल किंवा आजीनं नावावर ठेवलेले शेअर असतील, तर रिटर्न रहिवासी म्हणून भरायचं.

शिवाय भारतात ‘अर्धं वर्ष रहिवासी, अर्धं अनिवासी’ असा प्रकार नाही. इंग्लंडमध्ये आहे, अमेरिकेतही आल्याच्या किंवा सोडल्याच्या वर्षापुरता आहे. आपल्याकडे वर्ष पूर्ण या बाजूला तरी किंवा त्या बाजूला तरी. इंटरनेटवर इंग्लंडच्या लोकांनी लिहिलेलं वाचून अनेक जण आपल्याकडेही वर्ष तुटतं असं धरून चालतात, तिथेच चूक होते.

दिवसांचा पुरावा जपा. पासपोर्टवरचे शिक्के, बोर्डिंग पास, तिकिटाची ईमेल. मुंबई विमानतळावर आता काही प्रवाशांना स्वयंचलित गेटमधून जाता येतं, तेव्हा शिक्क्यावर विसंबून राहू नका. मी सगळ्यांना एक साधी वही करायला सांगते: आलो ती तारीख, गेलो ती तारीख. दहा वर्षांनी परत याल तेव्हा तीच वही लागते, कशी ते पुढे येईल.

दर्यावर्दी मंडळींसाठी

उरण, अलिबाग, रत्नागिरीकडची आणि मुंबईतली कितीतरी मुलं जहाजावर आहेत. त्यांचं गणित वेगळं आहे. परदेशी जाणाऱ्या जहाजावरच्या भारतीय नागरिकासाठी सीडीसीमध्ये, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, नोंदलेली साइन ऑनची (जहाजावर रुजू झाल्याची) तारीख ते साइन ऑफची (उतरल्याची) तारीख हा काळ भारतातल्या दिवसांतून वजा होतो, मग जहाज काही दिवस न्हावा-शेवाला उभं असलं तरी. १८२च्या आत राहिलात तर अनिवासी. अनिवासी खलाशाचा परदेशी जाणाऱ्या जहाजावरचा पगार भारतातल्या एनआरई खात्यात (परदेशी कमाईसाठीचं अनिवासींचं खातं) जमा झाला, तरी तेवढ्यामुळे तो भारतात करपात्र होत नाही, असं केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानं २०१७च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. पगार साध्या बचत खात्यात घेऊ नका. आणि करार संपून घरी आलात की सीडीसीच्या पानांच्या झेरॉक्स काढून ठेवा, कारण नोटीस आली तर पहिली मागणी त्यांचीच होते.

दुसरी पायरी: निघायच्या आधी कोणाकोणाला सांगायचं

सर्वांत जास्त आळस इथेच होतो आणि पुढचे घोळही इथूनच सुरू होतात. तुमचा दर्जा बदलला हे कोणालाही आपोआप कळत नाही.

बँक पहिली. इथे दुसरा कायदा येतो, परकीय चलनाचा, म्हणजे फेमा. आयकर दिवस मोजतो, फेमा हेतू बघतो. नोकरीसाठी निघालात की फेमाखाली तुम्ही निघाल्यापासूनच अनिवासी. शिकायला जाणाऱ्यालाही रिझर्व्ह बँकेनं २००३ पासून अनिवासी मानलं आहे. म्हणजे तीच एमएसवाली मुलगी आयकरासाठी त्या वर्षी रहिवासी आणि बँकेसाठी अनिवासी. हे विसंगत वाटलं तरी तसंच आहे, आणि दोन्ही ठिकाणी दोन वेगळी उत्तरं देणं बरोबर आहे.

तुमचं साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. भाडं, डिव्हिडंड, ठेवींचं व्याज, म्हणजे जे भारतातच मिळतं, ते यात जमा होतं. त्यावरच्या व्याजावर कर लागतो आणि बँक ३० टक्के अधिक सेस, म्हणजे ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापते. परदेशातून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खातं. त्याचं व्याज तुम्ही फेमाखाली अनिवासी असेपर्यंत करमुक्त असतं आणि ते पैसे केव्हाही बाहेर नेता येतात. एनआरओमधून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, पण बँक कर भरल्याचे कागद मागते.

दर्जा न कळवता साधंच खातं चालू ठेवणारे खूप आहेत. ‘बँकेला काय कळतंय’ असं म्हणतात. कळतं, कारण भाडं, पगार, पत्ता या सगळ्याची माहिती आता एकमेकांशी जोडलेली आहे. आणि ते खातं चालवणं फेमाचं उल्लंघन आहे.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही. डीमॅट आणि म्युच्युअल फंडाची केवायसी बदला. अमेरिकेला किंवा कॅनडाला जाणार असाल तर आपल्या फंड कंपनीला आधीच विचारा, कारण काही कंपन्या तिथल्या रहिवाशांकडून पैसे घेत नाहीत. अमेरिकेबाबत मी आणखी एक पाऊल पुढे जाऊन सांगते: जाण्याआधी भारतीय म्युच्युअल फंड विकण्याचा गंभीरपणे विचार करा. अमेरिकेचा कायदा परदेशी फंडांना ‘पीएफआयसी’ म्हणतो आणि त्यावरचा कर व त्याचा फॉर्म इतका किचकट आहे की तिकडच्या हिशेबनिसाची फी काही वेळा फंडाच्या नफ्याला गिळते. तुम्ही इथे असताना विकलेल्यावर साधारणपणे फक्त इथला कर लागतो.

आयकर पोर्टलवर आपला दर्जा ‘अनिवासी’ करा, परदेशी पत्ता आणि फोन नंबर घाला. पॅन-आधार जोडण्याची सक्ती अनिवासींना नाही, पण विभागाला तुम्ही अनिवासी आहात हे ठाऊक नसलं तर तुमचा पॅन इतरांसारखाच निष्क्रिय होतो. २०२३ मध्ये असे कितीतरी पॅन बंद पडले आणि लोकांचे रिफंड अडकले.

आता एक छोटी पण कळीची गोष्ट: भारतीय मोबाइल नंबर बंद करू नका. आधारचा ओटीपी त्यावरच येतो आणि रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. स्वस्तातला रिचार्ज चालू ठेवा आणि जाण्याआधी रोमिंगवर मेसेज येतात का ते पाहून घ्या. मेलबर्नला गेलेल्या एका बाईंना नंबर बंद केल्यामुळे सही केलेली पावती पोस्टानं बंगळुरूला पाठवावी लागली, आणि ती मुदतीत पोहोचेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता.

मुखत्यारपत्र इथे असतानाच करून ठेवा. तिकडून करायचं तर वकिलात किंवा अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात ग्राह्य धरण्यासाठीचा शिक्का) आणि मग महाराष्ट्राचा मुद्रांक, असा फेरा पडतो.

विमानतळावर ‘कर भरल्याचा दाखला’ मागतात, अशी अफवा २०२४ मध्ये फार पसरली होती. सरसकट मागत नाहीत. गंभीर आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात किंवा १० लाखांच्या वर थकबाकी असून तिला स्थगिती नसेल तेव्हाच तो लागतो, असा खुलासा त्याच वर्षी झाला. परदेशी नागरिक मुंबईत नोकरी करून परत जात असेल तर मात्र त्याच्या कंपनीनं हमीपत्र द्यावं लागतं.

तिसरी पायरी: मुंबईचं घर

मुंबईकर देश सोडतो, पण घर सोडत नाही. ते भाड्यानं देतो. आणि घरमालक अनिवासी झाला की भाडेकरूवर जबाबदारी येते, जी भाडेकरूला बहुतेक वेळा माहीतच नसते: पहिल्या रुपयापासून ३१.२ टक्के टीडीएस कापून सरकारजमा करणं. रहिवासी मालकाला असते तशी कोणतीही किमान मर्यादा इथे नाही.

समजा कांदिवलीचा फ्लॅट ६०,००० रुपये महिना भाड्यानं गेला. भाडेकरूनं दरमहा १८,७२० रुपये कापायचे, वर्षाला २,२४,६४०. प्रत्यक्षात कर किती? वर्षाचं भाडं ७,२०,०००. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की ५,०४,००० उरले. दुसरं उत्पन्न नसेल तर नव्या कररचनेत पहिले ४ लाख सोडून उरलेल्या १,०४,००० वर ५ टक्के, म्हणजे ५,२०० आणि सेस धरून ५,४०८ रुपये. रहिवाशांना मिळणारी १२ लाखांपर्यंतची करसवलत अनिवासींना मिळत नाही, तरीही आकडा एवढाच. म्हणजे सव्वादोन लाख कापले जाणार आणि देणं साडेपाच हजारांचं. उरलेले रिफंड म्हणून परत मिळतात, पण पुढल्या वर्षी.

यावर उपाय आहे: कमी दरानं टीडीएस कापण्याचा दाखला. पोर्टलवर अर्ज करायचा, भाडेकरार आणि उत्पन्नाचा अंदाज जोडायचा, अधिकारी दर ठरवून देतो आणि भाडेकरू तेवढाच कापतो. लिव्ह अँड लायसन्स करारात ‘मालक अनिवासी आहे’ हे वाक्य आणि टीडीएसचं कलम घाला. भाडेकरूला आधीच समजावून सांगा. न कापल्याची नोटीस त्याच्या नावानं निघते, आणि तुमच्या घरात राहणाऱ्या माणसाला असं अंधारात ठेवणं मला पटत नाही.

घर विकताना हाच प्रकार मोठ्या आकड्यांत होतो. समजा दीड कोटीला घेतलेलं घर २ कोटींना विकलं. नफा ५० लाख. दोन वर्षांहून जुनं घर असेल तर दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के आणि सेस, म्हणजे साधारण ६.५ लाख कर. पण दाखला नसेल तर सावध खरेदीदार पूर्ण २ कोटींवर कापतो, अधिभार आणि सेस धरून जवळपास ३० लाख. २३ लाखांच्या वर रक्कम रिफंडच्या रांगेत अडकते. त्यामुळे टोकन घेण्याआधी दाखल्याचा अर्ज करा. मिळायला काही आठवडे लागतात, तेवढी मुदत व्यवहारात धरा. आणखी एक: २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्याय रहिवाशाला आहे, अनिवासीला नाही. विलेपार्ले, दादर, गिरगावातली जुनी घरं विकताना हा फरक मोठा पडतो. आपण अनिवासी झाल्यावर घर विकायचं की आधी, हे ठरवताना हा आकडा मांडून बघा.

खरेदीदारानं ‘१ टक्का कापतो, झालं’ असं म्हटलं तर भुलू नका. तो रहिवासी विक्रेत्याचा नियम आहे.

तिकडे पोहोचल्यावर

प्रत्येक देशाचं कर वर्ष वेगळं. अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, इंग्लंडचं ६ एप्रिल ते ५ एप्रिल, ऑस्ट्रेलियाचं १ जुलै ते ३० जून. आपलं वर्ष त्यावर चढवलं की एकाच पगाराचे दोन तुकडे दोन रिटर्नमध्ये जातात. म्हणून पगाराच्या स्लिपा महिनावार ठेवा. तिकडचा वर्षअखेरचा एक कागद पुरत नाही.

अमेरिकेला जाणाऱ्यांनो, ही गोष्ट नीट वाचा. तिथले कर-रहिवासी झालात की भारतातलं व्याज, भाडं, सगळं तिकडे दाखवायचं. शिवाय भारतातल्या सर्व खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म, भरायचा. ‘सर्व खाती’ म्हणजे ज्यात तुमचं नाव आहे ती. आईच्या एफडीवर सोयीसाठी तुमचं दुसरं नाव आहे ना? तीही. आपल्या घरांत मुलाचं नाव प्रत्येक ठेवीवर घालायची पद्धत आहे, आणि एफबार चुकणाऱ्यांत मी बहुतेक वेळा हेच कारण बघते. न भरल्याचा दंड हलगर्जीपणासाठीही १०,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो. जाण्याआधी आईवडिलांबरोबर बसून यादी करा, आणि जिथे नॉमिनी म्हणून नाव पुरेसं आहे तिथे दुसरं नाव काढून टाका.

पहिल्या वर्षी जोडप्यानं एकत्र रिटर्न भरायचं ठरवलं तर पूर्ण वर्षाचं जगभरातलं उत्पन्न त्यात येतं, म्हणजे मुंबईतला जाण्यापूर्वीचा पगारही. कधी ते फायद्याचं ठरतं, कधी नाही. दोन्ही मांडून बघा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांचे दिवस तिथलं कर-रहिवासीपण ठरवताना पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजले जात नाहीत, आणि भारत-अमेरिका दुहेरी कर टाळण्याच्या करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे ठरावीक रकमेची वजावट, मिळतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते नाही. बरीच मुलं ते न घेताच रिटर्न भरतात.

इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून जुनी ‘परदेशी उत्पन्नाचे पैसे इंग्लंडमध्ये आणले तरच कर’ ही पद्धत गेली. त्याआधीची सलग दहा वर्षं तिथले रहिवासी नव्हतात तर पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सूट मागता येते, पण ती मागावी लागते. सिंगापूर सोडताना कंपनी तुमचा शेवटचा पगार कर-चुकतीसाठी रोखून धरते, त्यामुळे परतीच्या सामानाचे पैसे त्या पगारावर ठेवू नका.

कंपनीनंच बदलीवर पाठवलं असेल तर पीएफ कार्यालयाकडून ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ घ्या. जर्मनी, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे तिकडची कपात टळते. अमेरिकेशी असा करार नाही.

दुहेरी कर टाळण्याचे कागद

करार आहे म्हणून सवलत आपोआप मिळत नाही. एनआरओच्या व्याजावर ३१.२ ऐवजी करारातला दर हवा असेल, अमेरिकेसाठी १५ टक्के, अमिरातीसाठी १२.५, जर्मनीसाठी १०, तर त्या देशाचं कर-रहिवासाचं प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावं लागतं, फॉर्म १० एफ पोर्टलवर भरावा लागतो आणि दोन्ही बँकेला द्यावे लागतात. रहिवासी असताना परदेशात भरलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं तर फॉर्म ६७. हे क्रमांक लोकांच्या तोंडी आहेत म्हणून मी वापरतेय. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा भरताना पोर्टलवरचं चालू नाव बघून घ्या. दिवस मोजण्याचा मूळ साचा मात्र तोच राहिला आहे.

रिटर्न भरताना सोपा आयटीआर-१ अनिवासींना चालत नाही. साधारणपणे आयटीआर-२ लागतो. पगारदारासाठी मुदत ३१ जुलै. ‘माझं इथलं उत्पन्न थोडंच आहे’ म्हणून सोडून देऊ नका, कापलेला टीडीएस रिटर्नशिवाय परत येत नाही.

आईबाबांना दरमहा पाठवलेल्या पैशांवर कर लागतो का, हे प्रत्येक जण विचारतो. नाही. त्यांनी ते ठेवीत घातले तर व्याज त्यांच्या उत्पन्नात येतं, एवढंच.

सुट्टीवर आल्यावर

भेटीला येणाऱ्या नागरिकाला १८२ दिवसांची मुभा आहे. पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर ती १२० वर येते. आईवडिलांच्या आजारपणात चार-चार महिने येऊन राहणाऱ्यांनी वही उघडून बघावी. याच १५ लाखांच्या वर उत्पन्न असलेला नागरिक दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र नसेल, तर तो एकही दिवस इथे न राहता ‘मानीव रहिवासी’ ठरतो. २०२० मध्ये हा नियम आला तेव्हा आखातातले लोक धास्तावले होते. तिथे मिळवलेल्या पगारावर त्यामुळे इथे कर लागत नाही, हे सरकारनं तेव्हाच सांगितलं.

लॅपटॉप घेऊन येणाऱ्यांचा प्रश्न नवा आहे. ठाण्याला आईकडे बसून लंडनच्या कंपनीचं काम केलंत, तर त्या दिवसांचा पगार भारतात केलेल्या कामाचा आहे, पैसे लंडनला जमा झाले तरी. करारामध्ये छोट्या मुक्कामासाठी सूट असते, पण तिच्या अटी असतात. दोन आठवड्यांसाठी कोणी डोकं खाजवत नाही. चार महिने राहणार असाल तर कंपनीला आधी कळवा.

परत येताना

इथेही तारीखच. परदेशात बरीच वर्षं काढलेला, दरवर्षी महिनाभर येणारा माणूस २ ऑक्टोबरला किंवा नंतर उतरला, तर ३१ मार्चपर्यंत त्याचे १८१ दिवस होतात आणि तो ते वर्ष अनिवासीच राहतो. लीप वर्षाचा फेब्रुवारी असेल तर ३ ऑक्टोबर. मे महिन्यात लग्नासाठी २० दिवस येऊन गेला असाल तर तारीख तेवढीच पुढे ढकला. त्या आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस भरत असतील तर ६० दिवसांचा नियम लागतो, आणि मग हे गणित वेगळं होतं.

त्यानंतर येतो फार मोलाचा काळ: आरएनओआर, म्हणजे ‘रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही’. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी होतात, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ किंवा कमी दिवस भारतात होतात, तर हा दर्जा मिळतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्याला तो साधारण दोन, क्वचित तीन आर्थिक वर्षं टिकतो. या काळात परदेशातलं व्याज, डिव्हिडंड, शेअर विकून झालेला नफा भारतात करपात्र नसतो, आणि रिटर्नमधली परदेशी मालमत्तेची अनुसूची, म्हणजे यादी, भरावी लागत नाही. तिकडचे शेअर विकायचे, खाती एकत्र करायची, घराचा निकाल लावायचा तो याच काळात. माझ्याकडे येणारे निम्मे लोक हा काळ संपल्यावर येतात, आणि मला खरंच वाईट वाटतं.

उतरल्यावर बँकेला लगेच कळवा. कायमचे परत आलात की फेमाखाली तुम्ही रहिवासी, आणि एनआरईच्या व्याजाची करमुक्ती तिथेच थांबते. एनआरओ आणि एनआरई खाती रहिवासी करून घ्या. परकीय चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडा. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदतीपर्यंत चालू राहते.

अमेरिकेतलं ४०१के हे निवृत्ती खातं, इंग्लंड-कॅनडातली निवृत्ती खाती घाईनं मोडू नका. अमेरिकेत साडेएकोणसाठ वर्षांआधी काढलं तर साधारणपणे १० टक्के दंड बसतो. या तीन देशांतल्या अशा खात्यांवरचा कर दरवर्षी न भरता पैसे काढतानाच भरायचा पर्याय आपल्या कायद्यात आहे, पण तो फॉर्म भरून निवडावा लागतो. ग्रीन कार्ड खिशात असेल तर मुंबईत राहूनही अमेरिकेचं रिटर्न चालूच राहतं.

आरएनओआर संपलं की परदेशी मालमत्तेची अनुसूची भरणं बंधनकारक. छोटं बचत खातं, कंपनीनं दिलेले चार शेअर, सगळं त्यात येतं, आणि हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो. न दाखवल्याबद्दल काळ्या पैशाच्या २०१५च्या कायद्यात १० लाखांचा दंड आहे. स्थावर सोडून एकूण मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, पण अनुसूची भरायचीच. परदेशी बँकांची माहिती आपल्याकडे देशोदेशींहून आपोआप येते, आणि २०२४च्या नोव्हेंबरपासून विभाग ती समोर ठेवून लोकांना मेसेज पाठवतो आहे. असा मेसेज आला तर घाबरू नका, दुर्लक्षही करू नका. रिटर्न अजून सुधारता येतं का ते त्याच आठवड्यात आपल्या सीएला विचारा, आणि जाताना तारखांची वही घेऊन जा.